विंडोज ७ सोडायचंय, पण जुन्या फाइलींचं काय?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, साताऱ्यात राहते. २०१३ साली असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर अजून वापरते. इंटेल कोअर आय३-३२२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, ३२-बिट विंडोज ७, ऑफिस २०१० आणि एचपी लेझरजेट १०२० प्रिंटर. आमच्या सोसायटीचा हिशेब एक्सेलमध्ये आहे. माझं सगळं लेखन वर्डमध्ये, ‘योगेश’ आणि ‘सुरेख’ या जुन्या फाँटांत, इन्स्क्रिप्ट कीबोर्डने टाइप केलेलं आहे. फोटो धरून सगळं मिळून १२० जीबी भरेल. हल्ली बँकेची साइट उघडत नाही, ब्राउझर जुना झाला असं म्हणतो. दुकानदार म्हणतो, ‘फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकून देतो, तासाभराचं काम.’ दरवर्षी ठरवते आणि फाइलींच्या भीतीने पुढे ढकलते. काय करू?

उत्तर :

नमस्कार बाई,

दुकानदाराला आधी थांबवा. तुमची भीती रास्त आहे, आणि तिच्यावर उपायही सोपा आहे : जुन्या हार्ड डिस्कला हातच लावायचा नाही. एक नवी एसएसडी (हार्ड डिस्कचं काम करणारी, तिच्याहून वेगवान डिस्क) घ्यायची, नवी सिस्टीम तिच्यावर टाकायची आणि जुनी डिस्क विंडोज ७, फाँट, वर्ड, सगळ्यासकट आहे तशी राहू द्यायची. नवं नाही जमलं तर पाच मिनिटांत पूर्वीच्या जागी. ‘फॉरमॅट मारून’ केलेल्या कामात ही सोय नसते.

आता कोणती सिस्टीम, ते पाहू. विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट्स १४ जानेवारी २०२० ला थांबली. तिच्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. फेब्रुवारी २०२३ पासूनच्या क्रोमला किमान विंडोज १० लागतं. बँकेची साइट अडते ती यामुळे. कॉम्प्युटर बदलून होईपर्यंत बँकेचे व्यवहार फोनवरून करा, या मशीनवरून नको.

विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर, टीपीएम २.० (बोर्डवरची सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना सिस्टीम अस्सल आहे का ते तपासण्याची सोय) लागतं. तुमचा आय३-३२२० तिसऱ्या पिढीचा आहे. दुकानदार खोटं बोलत नाही. तपासणी वगळून इन्स्टॉल करण्याची सोय आहे, आणि या प्रोसेसरवर विंडोज ११ सुरूही होईल. पण अशा मशीनला अपडेट्स मिळण्याचा हक्क नाही, असं मायक्रोसॉफ्ट स्पष्ट म्हणतं. दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, ती पुन्हा हाताने चढवावी लागते. म्हणजे दरवर्षी त्याच दुकानाची वारी. शिवाय लायसन्सचा प्रश्न : विंडोज ७ च्या कीवर नवी विंडोज ॲक्टिव्हेट करण्याची वाट सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. चार-पाचशे रुपयांत मिळणाऱ्या ‘ओरिजिनल की’च्या नादी लागू नका.

विंडोज १० चा विचार सोडा. तिचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी दिलेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, आणि ती आधीपासून विंडोज १० वर असलेल्यांच्या सोयीची. आज नव्याने तिथे जाऊन हाती काही लागत नाही.

तुमचं काम म्हणजे ब्राउझर, मराठी लेखन, एक्सेलचे तक्ते आणि छपाई. त्यासाठी आमची शिफारस लिनक्स मिंट २२ ही विंडोजऐवजी चालणारी सिस्टीम, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. फुकट आहे आणि सुरक्षा अपडेट्स एप्रिल २०२९ पर्यंत आहेत. ती ६४-बिटच मिळते, पण तुमचा प्रोसेसर ६४-बिट आहे. ३२-बिट आहे ती फक्त तुमची विंडोज. त्यामुळेच ४ जीबी रॅममधली पूर्ण वापरता येत नाही. ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, रॅमच्या आकड्यापुढे कंसात साडेतीनच्या आत-बाहेरचा आकडा असेल.

आधी फाइली

पहिलं काम जुन्या डिस्कची तब्येत बघणं. क्रिस्टलडिस्कइन्फो हा छोटा प्रोग्रॅम विंडोज ७ वर चालतो. वर निळ्यात ‘गुड’ आलं तर ठीक. पिवळ्यात ‘कॉशन’ आलं आणि ‘रीअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरच्या ओळीत शून्याऐवजी आकडा दिसला, तर डिस्क दगा देण्याच्या बेतात आहे. अशा वेळी डीफ्रॅग, स्कॅन वगैरे काही चालवायचं नाही, त्या ताणानेच ती जाते. सरळ कॉपी सुरू करायची, आणि आधी लेखन, मग हिशेब, शेवटी फोटो.

कॉपी बाहेरच्या यूएसबी डिस्कवर करा. एच६१ चिपसेटमध्ये मुळात यूएसबी ३ नाही. पुढच्या पोर्टला वेग सेकंदाला ३० एमबीच्या आसपास मिळेल, म्हणजे १२० जीबीला सव्वा तास. बारीक फाइली खूप असतील तर दोन तास धरा. बाहेरची डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल (लग्नाचा व्हिडिओ वगैरे) जात नाही आणि ‘फाइल फार मोठी आहे’ अशी सूचना येते. ती डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस असू द्या. लेखनाची आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हच्या ऑनलाइन जागेत. लेखन काही फार जागा खात नाही.

डी ड्राइव्ह सगळे कॉपी करतात आणि सी ड्राइव्हवरचं विसरतात : डेस्कटॉप, ‘माय डॉक्युमेंट्स’, ‘डाउनलोड्स’, ब्राउझरचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड. तुमच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचा फोल्डर म्हणजे विंडोजमधला ‘फाँट्स’. तो आख्खा उचलून ठेवा. योगेश-सुरेखच्या फाइली गेल्या तर लेख असूनही वाचता येणार नाहीत.

याचं कारण जरा सविस्तर सांगतो, कारण खरा गुंता इथेच आहे. या जुन्या फाँटांत फाइलीत मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. कॉम्प्युटरच्या लेखी तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा मजकूर असतो. फाँट त्या प्रत्येक चिन्हाच्या जागी ‘क’ किंवा वेलांटी रंगवतो. फाँट काढला की उरतो रोमन गिचका. युनिकोडमध्ये ‘क’ हा खरोखर ‘क’ म्हणून साठवला जातो, म्हणून तो फोनवरही दिसतो आणि शोधताही येतो.

तुमच्यासाठी दोन पातळ्यांवर काम आहे. पहिलं, प्रत्येक महत्त्वाच्या लेखाची पीडीएफ आत्ताच, विंडोज ७ वरच करून ठेवा. वर्ड २०१० मध्ये ‘सेव्ह ॲज’मध्ये पीडीएफ निवडा, ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘पीडीएफ/ए’च्या ओळीवर टिक करा. म्हणजे फाँट फाइलीच्या पोटातच जातो आणि कुठल्याही मशीनवर लेख जसाच्या तसा दिसतो. त्यातून मजकूर कॉपी केला तर मात्र पुन्हा गिचकाच मिळेल. ही प्रत वाचायला आणि छापायला, दुरुस्तीला नाही.

दुसरं, युनिकोडमध्ये रूपांतर. याची घाई नाही. वर्षभर सावकाश करा. पण सुरुवातीला एकाच पानावर कन्व्हर्टरची परीक्षा घ्या. त्या पानात हे शब्द मुद्दाम टाइप करा : धार्मिक, दुर्मिळ, कऱ्हाड, दऱ्या, सृष्टी, क्लिष्ट, श्रद्धा, आणि सोबत एक इंग्रजी शब्द व एक तारीख. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं उलट : जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. ‘र्मि’मध्ये दोन्ही एकत्र येतात आणि कच्चा कन्व्हर्टर तिथेच घसरतो. ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’ झालं तरी कन्व्हर्टर बाद. इंग्रजी शब्दाची वाट बहुतेक लागेल, कारण कन्व्हर्टरला सगळंच रोमन दिसतं. म्हणून मजकूर नोटपॅडमध्ये पेस्ट करून रूपांतर करू नका. वर्डची फाइल तशीच घेणारा, फाँटचं नाव बघून तेवढाच भाग बदलणारा कन्व्हर्टर शोधा. योगेश आणि सुरेखमध्येही डीव्ही, डीव्हीबी, डीव्हीबीडब्ल्यू असे उपप्रकार आहेत आणि सगळ्यांची अंतर्गत मांडणी एक नसते. एका प्रकाराला लागू पडलेली सेटिंग दुसऱ्याला पडेलच असं नाही. वर्डमध्ये फाँटच्या चौकटीत दिसणारं पूर्ण नाव लिहून घ्या.

आणखी एक खोच. ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, आणि दोन्ही दिसायला सारखेच. कन्व्हर्टरने एक प्रकार वापरला आणि तुमच्या कीबोर्डने दुसरा, तर समोर ‘कऱ्हाड’ दिसत असूनही शोधल्यावर सापडणार नाही. रूपांतर झालेल्या फाइलीतला ‘ऱ्ह’ कॉपी करून ‘फाइंड’मध्ये पेस्ट करा, ‘रिप्लेस’मध्ये तुमच्या कीबोर्डवरचा टाइप करा आणि एकदाच सगळे बदलून घ्या.

काय काय आणायचं

एसएसडी : अडीच इंची, साटा जोडणीची, ५०० जीबी. २४० जीबीतही सिस्टीम मजेत बसते, पण फोटोंसह पाच वर्षांचा विचार केला तर मोठी बरी. एनव्हीएमई म्हणून मिळणारी चपटी पट्टी घेऊ नका, तुमच्या बोर्डवर तिला जागा नाही. एच६१ वर साटाचा जुना वेग आहे, सेकंदाला पावणेतीनशे एमबीच्या आसपास. म्हणून महागडी, जास्त वेगाची एसएसडी घेऊन पैसे वाया घालवू नका. मशीन सध्या रांगतं ते हार्ड डिस्कमुळे; साध्या एसएसडीनेही फरक पहिल्याच दिवशी कळेल.

साटा डेटा केबल वेगळी मागून घ्या, एसएसडीच्या खोक्यात ती सहसा नसते. एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) साटाचा मोकळा पॉवर पिन आहे का ते आधी पाहा. नसेल तर चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करणारा कन्व्हर्टर मिळतो.

रॅम : डेस्कटॉपची डीडीआर३, १६०० मेगाहर्ट्‌झ, ४ जीबीची आणखी एक. एच६१ बोर्डांना सहसा दोनच स्लॉट असतात. एक मोकळा असेल तर एकूण ८ जीबी होऊन काम भागतं. दोन्हीत २-२ जीबी असतील तर ४ जीबीच्या दोन घ्याव्या लागतील. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. खरी फसगत होते ती ‘फक्त एएमडीसाठी’ असलेल्या स्वस्त डीडीआर३ पट्ट्यांनी. त्या स्लॉटमध्ये नीट बसतात, पण इंटेल बोर्डवर मशीन सुरूच होत नाही. घेतानाच ‘इंटेल एच६१ साठी’ असं सांगा आणि बदलून देण्याचं कबूल करून घ्या.

आणि सीआर२०३२ बॅटरी, किरकोळ किमतीची. बोर्डवरची बॅटरी बारा वर्षांत दमलेली असणार. ती गेली की तारीख मागे जाते आणि चुकीच्या तारखेवर कुठलीच सुरक्षित साइट उघडत नाही. पण बॅटरी काढण्याआधी एक काम : सुरू होताना डिलीट की दाबून बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंग्जच्या पडद्यावर) जा आणि ‘साटा मोड’, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, आयडीई आहे की एएचसीआय, त्याचा फोनवर फोटो काढा. बॅटरी बदलली की बायोस मूळ सेटिंगवर येतं. मोड बदलला गेला तर जुनी विंडोज ७ निळा पडदा दाखवते, ज्याच्या शेवटी ‘७बी’ असतं. ती बिघडलेली नसते. मोड पूर्वीचा केला की चालू होते. जुना मोड आयडीई निघाला तर तोच राहू द्या. एएचसीआय किंचित वेगवान आहे, पण तेवढ्यासाठी जुनी विंडोज अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

पेन ड्राइव्ह आणि इन्स्टॉल

८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉलसाठीची पूर्ण प्रत) मिंटच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. तुमच्या ब्राउझरवर अडलं तर दुसऱ्या कुणाच्या मशीनवर. पेन ड्राइव्हवर चढवायला रुफस वापरा. विंडोज ७ वर रुफसची ३.२२ ही शेवटची आवृत्ती चालते, ४ पासूनच्या चालत नाहीत, म्हणून ‘इतर आवृत्त्या’मधून ती घ्या. सेटिंग्ज आहेत तशी ठेवा. आयएसओ की डीडी असं विचारलं तर आयएसओ. पेन ड्राइव्हवरून सुरूच झालं नाही, तर तोच उद्योग डीडीने पुन्हा करा.

आता कॉम्प्युटर बंद, प्लग भिंतीतून बाहेर, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. रॅम, बॅटरी, एसएसडी बसवा. आणि जुन्या हार्ड डिस्कची डेटा केबल काढून ठेवा. हे विसरू नका. दोन डिस्क जोडलेल्या असल्या तर इन्स्टॉलर कधीकधी सिस्टीम एकीवर टाकतो आणि ती सुरू करणारा बूटलोडर दुसरीवर. मग जुनी डिस्क काढली की नवीही बंद. केबल काढलेली असली की पुढे इन्स्टॉलर ‘डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ असं धडकी भरवणारं वाक्य दाखवतो, तेही निर्धास्तपणे निवडता येतं. पुसायला समोर फक्त कोरी एसएसडी असते.

पेन ड्राइव्ह लावून सुरू करताना बूट मेनूची की दाबा : असूसला एफ८, गिगाबाइटला एफ१२, एमएसआय आणि ॲसरॉकला एफ११, इंटेलच्या बोर्डला एफ१०. पेन ड्राइव्हचं नाव दोनदा दिसलं तर ‘यूईएफआय’ लिहिलेलं घ्या.

मिंट आधी पेन ड्राइव्हवरूनच चालतं, डिस्कला न शिवता. इथे अर्धा तास घालवा. इंटरनेट लागतं का, आवाज येतो का, बँकेची साइट उघडते का, सोसायटीची एक्सेल फाइल लिब्रेऑफिसमध्ये (मिंटमधलं मोफत ऑफिस) नीट दिसते का. साधी सूत्रं जशीच्या तशी चालतात. मॅक्रो असतील तर अडतील, आणि छापताना पानं कुठे तुटतात ते बदलू शकतं, तेवढं बघून घ्या. पटलं तर डेस्कटॉपवरचं ‘इन्स्टॉल’ दाबा, मल्टिमीडिया कोडेक्सवर टिक करा, टाइम झोन कोलकाता. एसएसडीवर वीसेक मिनिटांचं काम आहे.

प्रिंटर आणि मराठी

लेझरजेट १०२० बद्दल लोक म्हणतात की लिनक्सवर ‘दिसतो पण छापत नाही’. हा प्रिंटर बंद केला की त्याचं फर्मवेअर (त्याला चालवणारा आतला प्रोग्रॅम) पुसलं जातं; दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरने ते त्याला पुन्हा पाठवावं लागतं. मिंटमध्ये एचपीचा एचपीलिप ड्रायव्हर असतो, पण हे फर्मवेअर एचपीच्या वेगळ्या प्लगइनमध्ये येतं. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एचपीलिपचा टूलबॉक्स घ्या, प्रिंटर जोडा आणि प्लगइन उतरवू का असं विचारेल तिथे हो म्हणा. तेव्हा इंटरनेट चालू हवं. पुढे एखाद्या अपडेटनंतर छपाई अचानक थांबली तर प्लगइन पुन्हा उतरवा. ड्रायव्हर आणि प्लगइनची आवृत्ती एकच लागते. (इतर वाचकांसाठी : तुमच्याकडे कॅननचा एलबीपी २९०० असेल तर ही वाट खडतर आहे. आधी पेन ड्राइव्हवरून छापून बघा, मगच ठरवा.)

मराठीसाठी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘आयबस-एम१७एन’ घ्या आणि इनपुट मेथडमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट जोडा. बोटांची सवय तीच राहील. इन्स्क्रिप्टचा हाच फायदा. फाँट म्हणून मुक्त किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका पाहा, दोन्ही मोफत. लिब्रेऑफिसच्या भाषा-सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची भाषा मराठी करा. नाहीतर ज्या फाँटांत दोन्ही वळणं आहेत, त्यांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात आणि शिक्षिकेच्या डोळ्यांना ते खुपणारच.

जुने योगेश-सुरेख मिंटमध्येही टाकता येतात आणि जुन्या वर्ड फाइली अनेकदा दिसतातही. त्यावर भरवसा ठेवून पीडीएफ करायचं टाळू नका.

जुनी डिस्क

सगळं सुरळीत झाल्यावर बंद करून जुनी डिस्क परत जोडा. बूट मेनूतून ती निवडली की विंडोज ७ पूर्वीसारखी सुरू होईल. तिच्यात जाऊन नेटवर्क ॲडॉप्टर डिसेबल करा. यापुढे ती इंटरनेटवर जाता कामा नये. तिचं काम एकच, जुन्या फाइली वर्डमध्ये उघडून पीडीएफ करणं आणि रूपांतर. तिथे ‘हायबरनेट’ वापरू नका, नेहमी पूर्ण शटडाउन करा. हायबरनेट केलेल्या डिस्कवर मिंट लिहू देत नाही, फक्त वाचू देतं.

विंडोजमधून मिंटमध्ये किंवा उलट आलात की घड्याळ साडेपाच तास पुढे-मागे दिसेल. बोर्डवरच्या घड्याळात मिंट ग्रीनिचची वेळ लिहितं, विंडोज भारताची, आणि फरक तेवढाच असतो. नवी बॅटरी खराब निघाली म्हणून दुकानात जाऊ नका. मिंट इंटरनेटला जोडलं की वेळ आपोआप जुळते.